एका म्हशीचा कोठा

मी ग्रामसभेत केलेलं एक भाषण आमच्या गावातल्या चार-दोन माणसांना अजून आठवतं. लग्नाकार्यात भेटले की म्हणतात, "काय बोलला होता गा तू त्या दिवशी!" मी हसतो आणि पान आणायच्या निमित्ताने उठून जातो. ते भाषण लोकांनी विसरावं असं मला वाटतं.

आमचं गाव मुर्रीच्या पुढे, गोंदियाला सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. बाबांची दोन एकर धानाची जमीन होती, आणि धान कापून झालं की ते गावातल्या राईस मिलमध्ये पोती उचलायला जात. मिलचे मालक आमच्या दूरच्या नात्यातले. सगळं गाव त्यांना काकाजी म्हणायचं. मी बारावी झालो तेव्हा बाबा म्हणाले, आता पुरे झालं शिक्षण. हे काकाजींच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या माणसाने एक सायकल आमच्या अंगणात आणून उभी केली. सायकल जुनी होती, पण चेन आणि दोन्ही टायर नवे होते. पुढची तीन वर्षं माझी परीक्षेची फीही त्यांनीच भरली, आणि कधी कोणासमोर त्याचा उच्चार केला नाही. त्या सायकलवर मी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालो. हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बी.ए. झालो त्याच सुमारास गावातली नळयोजना बंद पडली. पंपाचं वीजबिल ग्रामपंचायतीने कितीतरी महिने भरलेलं नव्हतं, म्हणून लाइन कापली गेली. पाण्याची टाकी कोरडी झाली. ज्यांच्या घरी बोअर होता त्यांचं काही अडलं नाही. अडलं ते टोलीवरच्या लोकांचं. टोली म्हणजे गावाच्या शेवटी नाल्याकडे उतरणारी मजुरांची वस्ती. तिथे एकच सार्वजनिक नळ होता. तो बंद झाला की नाल्यापलीकडच्या शेतातल्या विहिरीवर जावं लागे.

ग्रामसभा भरली. ग्रामसेवक वर्ध्याकडचे होते, हळू आणि नीट बोलायचे. त्यांनी सांगितलं, "घरपट्टीचे नियम बदललेत. आता घराच्या किमतीवर नाही, चौरस फुटांवर कर बसेल. नवी आकारणी करायचीच आहे. एक तर दर वाढवा, नाहीतर सार्वजनिक नळ कायमचे बंद करा. ग्रामपंचायत तुटीत आहे. तिसरा मार्ग मला दिसत नाही."

मी उठलो. कोणी मला बोलायला सांगितलं नव्हतं. पदवी नवी होती. मी म्हणालो, अंदाजपत्रक देशाचं असो की ग्रामपंचायतीचं, तूट भरायची तर ज्याच्या पाठीत जास्त बळ त्याच्यावर जास्त ओझं ठेवावं लागतं. कवेलूच्या मातीच्या घराला दर तोच राहू द्या. स्लॅबची घरं, गोदामं, ट्रॅक्टरचे शेड यांचा दर नियमात बसेल तेवढा वाढवा. गावात मोठी घरं सात आहेत. त्या सात घरांनी मोजून-मापून कर दिला तर पंप चालेल आणि टोलीवरचा नळही चालेल. असं बरंच काही. टाळ्या पडल्या.

काकाजी समोरच खुर्चीवर बसले होते. ट्रॅक्टरवाले पाटील त्यांच्याकडे वळून मोठ्याने म्हणाले, "काकाजी, तुमच्याच सायकलवर शिकून आला, अन् तुमच्याच अंगावर चालवली!"

सभा हसली. काकाजीही हसले. म्हणाले, "बरोबर बोलून राहिला पोरगा. लावा आमच्यावर. आम्ही भरू."

मागे बायकांमध्ये एक मावशी बसली होती. टोलीवर राहायची, बिड्या बांधायची. सभेतही सूप मांडीवर होतं आणि हात चालूच होते. तिने मान वर न करता विचारलं, "भाषन चांगलं झालं बाबू. पन मोजन कोन? मोठ्याच्या घरात टेप घेऊन कोन जाईन?"

"मी जाईन," मी म्हणालो.

"जाजो मग," ती म्हणाली आणि बिडीचं तोंड मोडलं.

अशा रीतीने आकारणी समितीत माझं नाव आलं.

मोजणी टोलीपासून सुरू झाली. पन्नास फुटी कापडी टेप, एक टोक ग्रामपंचायतीच्या शिपायाच्या हातात, दुसरं माझ्या. शिपाई आकडे लिहायचा, मी सांगायचो. मी फार काटेकोर होतो. आमचं स्वतःचं घर मोजलं तेव्हा पडवीही धरली. बाबा कौतुकाने बघत होते. मावशीचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची छपरी. मी छपरी मोजली. तिच्या दहावीतल्या मुलीने टेप भिंतीला दाबून धरला. ही मुलगी संध्याकाळी आमच्या ओट्यावर माझ्याकडे गणित शिकायला यायची. बीजगणितात तिचा हात चांगला होता.

मावशी म्हणाली, "न्हानीही मोज, बाबू. चार बोरे बांधून आडोसा केला आहे. राहून जाईन तर सरकार बुडन."

मी ती गोणपाटाची न्हाणीही मोजली. मला तो प्रामाणिकपणा वाटला होता.

काकाजींच्या घरी पोहोचलो तेव्हा ते गोंदियाला गेले होते. काकींनी चहा दिला, वर म्हणाल्या, "किती फिरून राहिला उन्हात. जेवूनच जा." स्लॅबचं घर मी पूर्ण मोजलं, एक फूट सोडला नाही. मग मागच्या बाजूला गेलो. तिथे विटांचं, पत्र्याचं लांबलचक गोदाम होतं. आतमध्ये धानाच्या पोत्यांची थप्पी छपराच्या कैच्यांपर्यंत गेलेली. कोंड्याचा वास. दाराजवळच्या खिळ्यांवर हमालांचे लोखंडी आकडे टांगले होते. तिसऱ्या खिळ्यावरचा आकडा बाबांचा होता. त्याच्या मुठीला आमच्या जुन्या धोतराची चिंधी गुंडाळलेली होती, म्हणून मी ओळखला. गोदामाच्या दुसऱ्या टोकाला बांबूचं आडवं घालून एक म्हैस बांधली होती.

शिपायाने पेन्सिल काढली. "गोदाम लिहू ना?"

गोदामाला सगळ्यात वरचा दर होता. तो मीच भाषणात मागितला होता. गुरांच्या कोठ्याला आमच्या ग्रामपंचायतीत कर नसे, ती जुनी रीत होती. मी त्या म्हशीकडे पाहिलं. ती रवंथ करत होती.

"म्हैस बांधून आहे ना इथं," मी म्हणालो. "कोठा लिही."

शिपायाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं. टेप उघडावाही लागला नाही.

मला कोणी सांगितलं नव्हतं. कोणी डोळाही मारला नव्हता. त्या घराचं माझ्यावर ऋण होतं आणि ते फेडायची संधी आली आहे, इतकंच मला त्या क्षणी वाटलं. जेवून निघालो तेव्हा मन हलकंसुद्धा झालं होतं. हे लिहिताना हात थांबतो, पण खरं तसंच आहे.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवाले पाटील दारातच उभे होते. शिपायाने बातमी पोहोचवली होती. "काकाजीचा कोठा, अन् आमचं गोदाम काऊन? त्यायची म्हैस एक. आमचे तर बैल दोन आहेत." मी शिपायाला लिहायला सांगितलं. त्यांचाही कोठा झाला. आठवडाभरात सातही मोठ्या घरांमागे कोठेच कोठे उभे राहिले. एका ठिकाणी तर गुरं नव्हतीच. घरधनी म्हणाले, "घेनार आहो पोळ्याले."

ग्रामसेवकांनी कागदांवर सह्या केल्या. त्यांच्याकडे तीन गावं होती. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

आकारणीची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली. हरकत असेल त्याने महिन्याभरात अर्ज द्यावा, असं खाली लिहिलेलं. दोन-तीन दिवसांनी मावशी तेंदूपत्त्याचं गाठोडं घेऊन तिथून जात होती. मी दिसल्यावर थांबली. तिला वाचता येत नव्हतं.

"माहं वाच."

मी वाचलं. दोन खोल्या, छपरी, न्हाणी.

"आता काकाजीचं वाच."

मी वाचलं. "राहतं घर, स्लॅब. मागे कोठा."

"कोनता कोठा?"

मी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.

"मागं तर ते धानाचं गोदाम आहे. दिवाळीच्या आंगं तिथं धान पाखडून आली मी. म्हशी किती आहेत त्या कोठ्यात?"

"एक."

"एका म्हशीले एवढा मोठा कोठा!" तिने गाठोडं खाली ठेवलं. "मानसापरीस म्हैसच झालो असतो तर बरं होतं, बाबू. पानीही घरीच आलं असतं." मग सरळ म्हणाली, "मले अर्ज लिहून दे. मी अंगठा लावतो."

टोलीवरचे सगळे अर्ज मीच लिहायचो. रेशनकार्डाचे, घरकुलाचे, शाळेच्या दाखल्याचे. गावात दुसरं कोणी तिला ते लिहून देण्यासारखं नव्हतं. ती माझ्याच मोजणीविरुद्ध माझ्याकडेच अर्ज मागत होती, आणि मोजणी माझी आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. मला वाटतं, ती मला एक वाट करून देत होती.

"उद्या लिहितो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी गोंदियाला गेलो. मग नातेवाइकाकडे लग्न होतं. मग बी.एड.चा फॉर्म आणायचा होता. मावशी दोनदा ओट्यापर्यंत येऊन गेली. दुसऱ्यांदा मी घरातच होतो, आणि आईने "नाही घरी" असं सांगितलं. मी आईला तसं सांगायला लावलं होतं. महिना संपला.

पुढची ग्रामसभा मला शब्दाशब्दाने आठवते. ग्रामसेवक म्हणाले, "सभेच्या सूचनेप्रमाणे मोठ्या घरांचा दर वाढवून पाहिला. तरी कराची एकूण मागणी वीजबिलाच्या जवळपासही जात नाही."

ट्रॅक्टरवाले पाटील म्हणाले, "मी सांगत होतो ना? मोठ्यायवर कर लावून काही होत नाही. मोठे आहेतच किती गावात? बोटावर मोजा."

लोकांनी माना हलवल्या. गरिबांनीही हलवल्या. त्यांना ते पटलं. आकडे समोर होते, आणि आकडे मी दिले होते. सार्वजनिक नळ बंद करून, ज्याला पाणी हवं त्याने अनामत भरून घरी जोडणी घ्यावी असं ठरलं. काकाजी त्या दिवशी सभेला नव्हते, मिलचा हंगाम होता. माझं अक्षर चांगलं म्हणून ठराव मला लिहायला दिला. "श्रीमंत घरांवरील कर वाढवूनही तूट भरून निघत नसल्याने" हे शब्द त्या रजिस्टरमध्ये माझ्या हस्ताक्षरात आहेत. मागून कोणी काही विचारेल म्हणून मी मान खालीच ठेवली. मावशी होती. ती बिड्या बांधत राहिली.

लोकांच्या अनामतीतून थकलेलं बिल भरलं आणि पंप सुरू झाला. टोलीवरचा नळ मात्र काढला, नुसता पाइप राहिला. तोंडाला लाकडाची गुडदी ठोकलेली.

मावशीचा गुडघा धरायचा. नाल्यापलीकडून दिवसाला तीन-चार खेपा तिला होईनात, आणि बिड्या कमी झाल्या की त्या दिवशीची चूल अडायची. म्हणून पाणी मुलीकडे आलं. ती ओट्यावर उशिरा यायला लागली, मग दिवसाआड, मग आलीच नाही. मी तिला एकदा नाल्याच्या वाटेवर गाठलं. डोक्यावर एकावर एक पाण्याचे दोन गुंड होते.

"काऊन येत नाहीस?"

"कधी येऊ, दादा?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. वेळेचा हिशेब ती मला खरंच विचारत होती. त्या वर्षी ती गणितात नापास झाली आणि पुन्हा बसली नाही.

निकालाच्या त्या आठवड्यात मी काकाजींकडे गेलो. ते ओसरीवर सुपारी कातरत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. म्हैस, कोठा, अर्ज, सगळं. ते कातरायचे थांबले. कर मिलचा मुनीम भरायचा; यादी त्यांनी पाहिलेली नव्हती.

"मी तुले म्हनलो होतो?"

"नाही."

"भर सभेत मी काय म्हनलो होतो?"

"आम्ही भरू."

"मग मले चोर कायले बनवला?" त्यांचा आवाज चढला नाही. "तुले सायकल देलो, ते याच्यासाठी देलो, असंच वाटलं ना तुले? इतक्या वर्षांत तू मले एवढंच ओळखला?"

काकी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी मला कोणी चहा विचारला नाही. मी ऋण फेडलं असं समजत होतो. प्रत्यक्षात मी त्यांनी दिलेली वस्तू घाण करून परत केली होती.

आठ दिवसांत काकाजींनी स्वतःच्या पैशाने टोलीवरचा नळ पुन्हा बसवला, बिलाचा भारही उचलला. त्यांनी ते चांगल्या मनानेच केलं. पण सरपंचांनी नळाच्या ओट्यावर काकाजींच्या नावाचा फलक रंगवून घेतला, आणि नारळ फोडायला टोलीवरच्या बायकांना हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभं केलं. मावशीही उभी होती. कार्यक्रम झाल्यावर माझ्याजवळून जाताना थांबली.

"पहिले पानी भरत होतो तर कोनाले नमस्कार करा लागत नव्हता," ती म्हणाली. "आता रोज नाव वाचून भरा लागन. मले तर वाचताही येत नाही. वाचून दाखवशीन का, बाबू?"

मुलीचं लग्न त्याच वर्षी झालं. आमगावकडे दिली. मावशीने मला पत्रिका दिली, मी गेलो, पंगतीत वाढलंही. मुलीने वाकून नमस्कार केला तेव्हा मी एक पाऊल मागे सरलो.

पुढे मी बी.एड. आणि एम.ए. झालो आणि जिल्ह्यातल्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायला लागलो. कराचा धडा आला की दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "सर, श्रीमंतांवर कर वाढवला तर सरकारची तूट खरंच भरते का?" पुस्तकात दोन्ही बाजू आहेत. मी दोन्ही फळ्यावर लिहून देतो. माझ्या गावात हे करून पाहिलं होतं, असं मी कधी सांगितलेलं नाही. कारण ते करून पाहिलंच गेलं नव्हतं. नुसता ठराव झाला होता.

चार वर्षांनी पुन्हा आकारणी आली. मी सुट्टी घेऊन गावी गेलो आणि ग्रामसभेत दुसऱ्यांदा बोलायला उभा राहिलो. या वेळी टाळ्यांजोगं काही नव्हतं. मागच्या वेळी सात गोदामं मी कोठे म्हणून लिहिली, त्या रजिस्टरातला ठराव खोट्या आकड्यांवर झाला, एवढं सांगितलं. ट्रॅक्टरवाले पाटील म्हणाले, "आता काऊन उकरून राहिला? नोकरी लागली म्हनून?" त्यात खोटं काही नव्हतं. नोकरी लागली नसती तर मी उभा राहिलो असतो का, मला सांगता येत नाही.

मी समितीत नको, असं मीच म्हणालो. नवे ग्रामसेवक आले होते, त्यांनी मोजायचं ठरलं. पण काकाजींच्या घरी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. काकाजी आता काठी टेकत चालत होते. गोदामात म्हैस नव्हती, कधीच विकली होती. ग्रामसेवकांनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. दुसरं टोक काकाजींनी शिपायाच्या हातातून काढून घेतलं आणि भिंतीला लावलं.

"ताण," ते म्हणाले.

मी टेप ताणला.

"ढिला आहे. अजून ताण."

ओसरीवरच्या त्या दिवसानंतर ते माझ्याशी एवढंच बोलले होते. मोजून झाल्यावर ते आत गेले.

सातही गोदामं कागदावर आली. विद्यार्थी विचारतात तेच मीही पुढच्या सभेत विचारलं, की तूट भरली का. सगळी भरली नाही. बिलाचा निम्म्याहून जास्त भाग त्या सात घरांतून निघाला, बाकीचं सगळ्या गावाने थोडं थोडं उचललं, आणि ते उचलताना टोलीवरच्या कोणी कुरकुर केली नाही. कारण यादी त्यांनी वाचून घेतली होती. सार्वजनिक नळ ग्रामपंचायतीच्या खर्चात आले. ओट्यावरचा फलक काकाजींनीच पुसायला लावला.

त्या दिवशी मावशी नळावर होती. गुंड भरून झाल्यावरही तिने तोटी बंद केली नाही, पाणी थोडं वाहू दिलं.

"चार वर्स आधी लिहिला असता अर्ज," ती म्हणाली, "तर पोरगी गनितात पास झाली असती."

मी म्हणालो, "हो, मावशी."

मग तिने तोटी बंद केली, आणि मी गुंड उचलून तिच्या डोक्यावर ठेवायला हात लावला. तिने लावू दिला.